फणसाला विचारावं लागतं, वडाला नाही

आमच्याकडे सिंधुदुर्गात झाड तोडायचं मनात आलं की माणूस आधी लाकूडवाल्याला फोन करतो. बायकोशी बोलणं, भावाला कळवणं हे सगळं त्यानंतर. लाकूडवाला संध्याकाळी मोटारसायकलवरून येतो, बुंध्याला दोन्ही हातांनी कवळ घालून अंदाज घेतो, वर बघतो, जरा वेळ काही बोलत नाही आणि मग एक आकडा सांगतो. परवानगीचं काय, असं कुणी विचारलंच तर त्याचं उत्तर ठरलेलं असतं. "ता आमी बघतंव. तुमी फक्त खाली सही करा."

त्या 'आमी बघतंव'मध्ये बरंच काही दडलेलं असतं. अर्ज तुमच्या नावाने जाणार, सातबारा तुमचा लागणार, आणि पुढेमागे चौकशी लागली तर पंचनाम्यात नाव तुमचंच येणार. लाकूड तोवर कुठल्या कुठे पोचलेलं असतं.

मी वनखात्यातला नाही, वकीलही नाही. पण बारा महिने गावात राहतो आणि कागद शेवटपर्यंत वाचायची खोड आहे. त्यामुळे वाडीत कुणाचं झाड आडवं करायचं ठरलं की कुणीतरी सातबारा घेऊन माझ्या पडवीत येतं. चहा होतो, चष्मा शोधला जातो, आणि पहिला प्रश्न नेहमी हाच असतो: "ह्या झाडाक परमिशन लागता काय हो?"

लोकांना वाटतं याचं उत्तर झाडाच्या नावात आहे. अर्धंच आहे.

नावाचा भाग आधी सांगतो. ग्रामीण भागात खासगी जमिनीतल्या झाडांना लागू होतो तो १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम. त्याला एक अनुसूची जोडलेली आहे, पंधरा-सोळा नावांची. साग, खैर, चंदन, ऐन, किंजळ, हिरडा, मोह, चिंच, जांभूळ, आंबा, फणस, तिवस, बिजा, हळदू, अंजन आणि कांदळ, म्हणजे खारफुटी. यातलं झाड तुमच्या स्वतःच्या परड्यात, तुमच्या आजोबांनी लावलेलं असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय त्याला कुऱ्हाड लावता येत नाही. यादीबाहेरचं असेल तर ह्या कायद्याला त्याच्याशी काही कर्तव्य नाही.

इथे नावांची गफलत फार होते. यादीतला हळदू म्हणजे आपला हेदू, आणि बिजा म्हणजे असणा, हे आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना सांगितल्याशिवाय कळत नाही. उलट अंजन म्हटलं की आम्हाला सड्यावरचं निळ्या फुलांचं झुडूप आठवतं. कायद्यातला अंजन तो नव्हे. तो खानदेश-विदर्भातला मोठा वृक्ष, कोकणात औषधालाही सापडायचा नाही. ऐन आणि किंजळ मात्र दोन्ही आपलेच, दोन्ही यादीत, त्यामुळे त्यांच्यात घोटाळा झाला तरी बिघडत नाही. ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी चौकोनी फुटलेली असते. किंजळ दिवाळीनंतर दुरूनच ओळखू येतो, अख्खं झाड तांबूस फळांच्या घोसांनी रंगलेलं असतं.

ही यादी सावकाश वाचली तर ती कुणाच्या नजरेतून झाली असेल ते लक्षात येतं. लाकडाची किंमत जाणणाऱ्याच्या. साग दारं-खिडक्यांना, खैर काताला, ऐन-किंजळ वाशांना आणि कोळशाला, फणसाच्या पिवळ्याधमक फळ्या पेट्या-कपाटांना. चंदनाचं तर सांगायलाच नको. वड त्यात नाही. पिंपळ नाही, उंबर नाही. ज्याच्या बियांचं तेल होडीच्या फळ्यांना लावायचे ती उंडी नाही. माड, पोफळ, काजू, रातांबा ही आमची रोजची भाकरी, तीही नाहीत. आणि सुरंगी नाही.

सुरंगी नाही याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. वेंगुर्ल्याच्या बाजूला, आसोली-आरवलीकडे, फाल्गुन-चैत्रात ह्या झाडांखाली पहाटेपासून माणसं असतात. फूल उमलायच्या आत कळी काढायला लागते, त्यामुळे सूर्य वर यायच्या आत फांद्यांवर चढलेले गडी आणि खाली चादरी धरलेल्या बायका. वळेसर, म्हणजे गजरे, करून बाजारात विकतात, उरलेल्या कळ्या सुकवून व्यापाऱ्याला देतात. एक जुनं झाड एखाद्या घराचा दोन महिन्यांचा बाजार भागवतं. पण खासगी वरकस जमिनीतली सुरंगी कुणी उद्या सकाळी कापली तर १९६४ चा कायदा तिच्याकडे मान वळवूनही बघणार नाही.

वडाचं तसं नाही. त्याला कायद्याची गरज पडत नाही, कारण त्याच्यावर राखणदार बसलेला असतो. आमच्याकडे देवराहाटीतलं, म्हणजे देवराईतलं, झाड तर सोडाच, पडलेली फांदीही घरी नेत नाहीत. देवळाच्या कामाला लाकूड हवं असेल तर गावकर-मानकरी जमतात, गाऱ्हाणं घालतात, देवाला कौल लावतात. उजवा कौल, म्हणजे देवाचा होकार, मिळाला तरच पुढची गोष्ट. अलीकडे एक अडचण मात्र होते. देवाने उजवा दिला तरी वनखात्याच्या रेंज ऑफिसचं काम उरतंच, कारण बऱ्याच देवराया कागदावर महसूल किंवा वनखात्याच्या नावे आहेत. गावाला वाटतं जागा देवाची. सातबारा म्हणतो सरकारची. देवाचं नाव कब्जेदार सदरी असेल तर नशीब.

तर झाडाच्या नावावरून एवढंच कळतं. आता फणसाची गोष्ट.

आमच्या शेजारच्या वयनीचा फणस. घराच्या मागच्या बाजूला, न्हाणीघरापासून चार हातांवर. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला त्या आल्या आणि म्हणाल्या, "भावोजीनू, ह्यो फणस येक दिवस आमका घेऊन पडतलो." लाकूडवाला बघून गेला होता. मी म्हटलं, फणस यादीत आहे, अर्ज करू. जीविताला किंवा घराला धोका असेल, झाड मेलेलं, रोगट किंवा वाऱ्याने पडलेलं असेल, पूर्ण वाढ होऊन गेलेलं असेल तर परवानगी द्यायची सोय कायद्यातच आहे. त्याबदल्यात दुसरी झाडं लावायची अट घालतात, ती घालू देत. सातबारा, आठ-अ, गटाचा नकाशा, झाडाचे फोटो, असं सगळं लावून अर्ज दिला.

पाहणीला वनरक्षक आला तो घाटावरचा, नवीनच नोकरीला लागलेला पोरगा. त्याने टेप काढली. छातीच्या उंचीवर, म्हणजे साडेचार फुटांवर, बुंध्याचा घेर घेतात. पण फणसाला नेमक्या त्याच उंचीवर कुयऱ्या, म्हणजे कोवळे फणस, लागलेल्या. एका हाताने तो कुयऱ्या बाजूला धरी, दुसऱ्या हाताने टेप सरकवी. टेप कुयरीच्या पुढून गेली तर घेर जास्त भरायचा, देठामागून घेतली तर कुयरी दाबली जायची. शेवटी वयनीच पुढे झाल्या आणि त्यांनी एक कुयरी पिरगळून काढलीच. पांढरा चीक टेपवर, पोराच्या बोटांवर, त्याच्या नोंदवहीच्या कडेवर. चीक पाण्याने जात नाही हे त्याला माहीत नव्हतं. खोबरेल तेलाची वाटी आणेपर्यंत त्याने तो पँटला पुसून ठेवलेला.

मग तो झाडाभोवती फिरला. कुठल्या बाजूला झुकलंय ते बघितलं, मुळांशी माती उकरून बघितली, काठीने बुंध्यावर वर-खाली ठोकून आवाज ऐकला. म्हणाला, "काकू, झाड घराकडे नाही, परड्याकडे कललंय. घरावर आहे ती ही एकच फांदी. ती उतरवली तर?" वयनी गप्प. मी म्हटलं, बरोबर आहे की. वयनी आणखी गप्प.

घोटाळा मला मागाहून कळला. वयनींना फणसाची भीती नव्हती, पैशांची गरज होती. मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती, आणि झाड विकायचंय असं म्हणण्यापेक्षा झाड घरावर येतंय म्हणणं सोपं. यात मला तरी काही वावगं वाटत नाही. कोकणातल्या माणसाचं झाड हे त्याचं बँकेतलं खातंच असतं. मुलीचं लग्न, आजारपण, घराचं छप्पर, सगळं त्याच्यातूनच निघतं. मग सरळ बोलणं झालं. बांधावर सागाची जुनी झाडं होती, त्यांचा अर्ज केला. फणसाची फांदी दोराने बांधून उतरवली. सागांना परवानगी मिळाली, बुंध्याशी जमिनीलगत साल तासून हातोड्याचा ठसा बसला. तो तिथेच का मारतात, तर झाड गेलं तरी खुंटावर ठसा राहावा म्हणून. आणि एक गोष्ट अशी झाली की जिचा कुणी विचारच केला नव्हता. सागांचा घेर आणि उंची आता सरकारी कागदावर होती. लाकूडवाला पुन्हा आला तेव्हा वयनींनी तो कागद त्याच्यापुढे ठेवला. कवळ घालून सांगितलेला आकडा बराच वर सरकला.

परवानगी म्हणजे सरकारचा जाच, एवढंच धरून बसलेल्यांना मी ही गोष्ट सांगतो. जाच आहे, नाही असं नाही. पण मोजमाप नेहमी घेणाऱ्याकडे असतं आणि देणाऱ्याकडे नसतं, ती अडचण पाहणीने थोडी तरी दूर होते.

आता उरलेला अर्धा भाग, आणि माझ्या मते मोठा अर्धा. झाड कसलं याच्या आधी विचारायला हवं, जमीन कसली?

कुडाळ, देवगड-जामसंडे, दोडामार्ग, गुहागर ही गावं गेल्या काही वर्षांत नगरपंचायती झाली. नगरपंचायत झाली की कर वाढतो हे सगळ्यांच्या लक्षात येतं. झाडांचा कायदा बदलतो हे येत नाही. नगरपालिका-नगरपंचायतीच्या हद्दीत १९७५ चा नागरी क्षेत्रांसाठीचा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम चालतो आणि त्याला अनुसूची वगैरे काही नाही. तिथे वड, उंडी, सुरंगी, परसातली शेवग्याशेजारची पांगार, सगळ्यांनाच विचारावं लागतं. अर्ज वृक्ष प्राधिकरणाकडे जातो, झाडावर नोटीस लागते, लोकांना हरकत घ्यायला मुदत मिळते. तोडणं म्हणजे नुसतं बुंध्यातून कापणं नव्हे. जाळणं किंवा झाडाला कुठल्याही तऱ्हेने इजा करणं हेही त्यात धरलेलं आहे. म्हणजे बुंध्याची साल गोल सोलून, हिंग-चुना भरून झाड 'आपोआप' मेलं असं दाखवायची आपली जुनी युक्तीही. दंडाबरोबर कैदेची तरतूद आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं आणि त्यावरच्या झाडाला हेरिटेज दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावायची अट आणली. सत्तर वर्षांचा आंबा पाडला तर सत्तर कलमं. गुंठाभर परड्यात ती लावायची कुठे हा प्रश्न मला एका गृहस्थांनी विचारला होता. मी म्हटलं, आंबा ठेवा, जागा वाचेल.

म्हणजे वहाळाच्या अलीकडे नगरपंचायत आणि पलीकडे ग्रामपंचायत असेल, तर एकच वड अलीकडे संरक्षित आणि पलीकडे मोकळा. असं असू नये असं मला वाटतं, पण आहे.

त्याहून अवघड सातबाऱ्यावरचे शेरे. 'इतर हक्क' ह्या रकान्यात लोक कर्जाचा बोजा आहे का तेवढं बघतात आणि घडी घालतात. तिथेच कुठेतरी खासगी वनाचा शेरा असू शकतो. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम लागू झाला ३० ऑगस्ट १९७५ रोजी आणि त्या दिवशी त्याच्या व्याख्येत बसणारी खासगी जंगलं सरकारजमा झाली. ज्यांच्या जमिनी त्यात गेल्या त्यांतल्या कित्येकांना ते पुढच्या पिढीत कळलं, तेही जमीन विकायला काढल्यावर. सिंधुदुर्गात वर आणखी 'वनसंज्ञा' आहे. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ ला सांगितलं की जंगल म्हणजे शब्दकोशात जो अर्थ असेल ते, मालक कुणी का असेना. त्यानंतर आमच्या जिल्ह्यात ज्या जमिनींना वनसंज्ञेचा शिक्का बसला तो काढायला माणसं तेव्हापासून खेटे घालतायत. अशा जमिनीत झाड यादीतलं आहे की नाही ह्या प्रश्नाला अर्थच उरत नाही. तिथे सगळंच वन. सावंतवाडी-दोडामार्गच्या पट्ट्यात तर २०१३ पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने वृक्षतोडीवर बंदी आली, कारण तो वाघांच्या येण्याजाण्याचा रस्ता आहे. आणि रस्त्याकडेचं झाड तुमच्या गडग्याला टेकलेलं असलं तरी ते रस्त्याच्या मालकाचं, म्हणजे ज्या खात्याचा रस्ता त्याचं.

कांदळवनाबद्दल मात्र थांबून बोलायला हवं, कारण किनाऱ्यावर सगळ्यात जास्त भांडणं तिथेच होतात.

खाडीकाठच्या खाजणात पूर्वी भातशेती होती. खारं पाणी अडवायला बांध, बांधाला उघडीप, भरती-ओहोटी सांभाळून पाणी आत-बाहेर करायचं, आणि तिथे मीठ सोसणारं खारं भात व्हायचं. मग माणसं मुंबईला गेली. बांध एका उधाणात फुटला तो कुणी बांधला नाही. खारं पाणी आत आलं आणि त्याच्याबरोबर कांदळाच्या लांबलचक शेंगांसारखे कोंब तरंगत आले, चिखलात उभे रुतले आणि रुजले. तिवर आली, चिप्पी आली, ही कांदळवनातलीच झाडं. वीस-पंचवीस वर्षांनी मालक परततो तेव्हा त्याच्या सातबाऱ्यावर भातशेती असते आणि जागेवर जंगल.

तो माझ्याकडे येतो आणि म्हणतो, "माझीच जमीन, मीच साफ करतंय. कोणाक कित्याक विचारू?"

विचारावंच लागतं, आणि विचारून बहुधा नकारच मिळतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यभर कांदळवनं तोडायला मनाई केली आणि सप्टेंबर २०१८ च्या निकालात ती कायम करताना जमीन खासगी की सरकारी हा फरक ठेवला नाही. कांदळवनाभोवतीचा पन्नास मीटरचा पट्टाही मोकळा ठेवायचा. सागरी किनारा नियमन क्षेत्रात हा सगळ्यात कडक वर्ग. सार्वजनिक कामासाठी सरकारी खात्यालाही न्यायालयात जावं लागतं, तिथे तुमची-माझी काय कथा. नुसती भर टाकून पाणी अडवलं, झाडाला हात न लावता ते मरू दिलं, तरी तेच.

त्या माणसाचा राग मला कळतो. बांध फुटला तेव्हा त्याला कुणी मदत केली नाही आणि आता झाडं आली तर सगळे कायदे हजर. पण मी त्याची बाजू घेत नाही. त्याच खाजणाच्या मागे वाडी आहे, आणि उधाणाचं पाणी वाडीत शिरत नाही ते ह्या चिखलातल्या मुळांमुळे. खाडीतल्या मासळीची पिल्लं तिथे वाढतात, हे रापणकारांना कुणी शिकवायला लागत नाही. राज्याने ऑगस्ट २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्ष केलं. रात्री उमलणारं पांढरं फूल आहे, बघितलं नसेल तर एकदा बघण्यासारखं. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत तर बायका स्वतः होड्या वल्हवून पर्यटकांना कांदळवन दाखवतात आणि त्यावर घर चालवतात. सगळ्यांना ते जमेल असं नाही. पण 'पडीक चिखल' म्हणून जे आपण सोडून दिलं होतं त्याला कुणी तिकीट काढून येतंय, एवढं तरी त्या माणसाला दाखवून आणावं असं माझ्या मनात आहे.

कागदांत कुठेच न येणारी एक तपासणी राहते. वर बघायची. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना धक्का लावणं हे शिकारीतच मोडतं. म्हणजे झाड यादीबाहेरचं असेल, जमीन निर्वेध असेल, तरी ढोलीत धनेशाची मादी बसलेली असेल तर तुम्ही अडकलात. आणि ती बसलेली असते नेमकी उन्हाळ्यात, जेव्हा आपल्याकडे तोडीचा हंगाम जोरात असतो. मादी ढोलीत शिरते, आतून तोंड लिंपून घेते, चोच जाईल एवढी चीर ठेवते आणि पिल्लं मोठी होईपर्यंत बाहेर येत नाही. नर फळं आणून त्या चिरेतून भरवतो. खालून काही म्हणजे काही दिसत नाही. बुंध्याशी पडलेल्या बिया आणि विष्ठा तेवढी दिसते. किनाऱ्याजवळच्या उंच झाडांवर समुद्री गरुडाची काटक्यांची घरटी असतात, वर्षानुवर्षं एकाच झाडावर. जुनं, उंच, ढोलीचं झाड पाडायचं असेल तर एक-दोन सकाळी नुसतं खाली उभं राहून बघावं. खर्च काही नाही.

एवढं सगळं ऐकल्यावर लोक म्हणतात, मग कोकणात झाड ठेवूच नये, उगवलं की उपटून टाकावं. हे गंमत म्हणून बोलतात, पण बोलण्यात तथ्य आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विनापरवाना तोडीचा दंड हजार रुपयांवरून पन्नास हजारांपर्यंत न्यायचं मंत्रिमंडळाने ठरवलं तेव्हा सगळ्यात मोठी ओरड कोकणातून झाली. पुढे ते विधेयक मागेही घेतलं गेलं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात झाडी बहुतांश खासगी मालकीची आहे. ती टिकली ती शेतकऱ्याने टिकवली म्हणून, सरकारने राखली म्हणून नव्हे. भाजावळीला, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, टाळ, चुलीला लाकूड, गोठ्याला वासे त्यातूनच येतात. त्याला आणि रात्री ट्रक लावून खैर नेणाऱ्याला एकाच मापाने मोजायला गेलात तर शेतकरी पुढचं झाड लावणार नाही. दुसऱ्या बाजूने, हजार रुपये दंड म्हणजे लाकूडवाल्याला चहापाण्याचा खर्च. तो हिशोबात धरूनच आकडा सांगतो. दंड कुणाला किती, हे झाडाच्या घेरावर आणि तोडणाऱ्याच्या धंद्यावर ठरावं असं माझं मत. माझं मत कुणी विचारलेलं नाही.

मी लोकांना सांगतो ते इतकंच की कटर मशीन सुरू व्हायच्या आधी हे सगळं बघा. ताजा सातबारा काढा, जुना नको, शेरे वाचा. हद्द कुणाची ते ग्रामपंचायतीत विचारा. झाडाचं नाव नक्की नसेल तर पान, साल आणि फळाचा फोटो घेऊन रेंज ऑफिसात जा, तिथे ओळखणारं कुणीतरी असतं. ई-पीक पाहणी करताना बांधावरची झाडं नोंदवायची सोय आहे ती वापरा. झाड तुमचं आहे हे नंतर सिद्ध करत बसायला नको. आणि तोडीची परवानगी वेगळी, वाहतुकीचा पास वेगळा. काही जातींना पास लागत नाही, पण सागासारख्याला लागतो, मग तो तुम्ही तोडलेला असो की वादळाने पाडलेला. जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगरच्या बागाच्या बागा झोपल्या. माड-पोफळींना कागद लागत नव्हता म्हणून त्या निदान बाजूला तरी करता आल्या.

आणि हिस्सेदार. हा खरा डोंगर. कायद्याची परवानगी महिना-दोन महिन्यांत मिळते, भाऊबंदांची मिळत नाही. आमच्याच सामायिक गटात, रस्त्याच्या वळणावर, एक रायवळ आंबा आहे. अर्धा वठलेला, एका बाजूने पोखरलेला, खालून शाळेची मुलं जातात. धोका खरा आहे, कुणी बघितलं तरी पटेल असा. कागद तयार आहेत. सातबाऱ्यावर चुलत्यांची, त्यांच्या मुलांची, लग्न होऊन गेलेल्या आत्यांची नावं. कुणी विरारला, कुणी डोंबिवलीला, एक बडोद्याला. संमतीपत्रं फिरवली. बहुतेकांनी दिली. विरारच्या दादाने अजून दिलेली नाही. त्याचं म्हणणं, आंब्याखाली आमच्या आज्याने गाऱ्हाणं घातलं होतं, तेव्हा आधी देवाला विचारा. देवाला विचारलं. कौल उजवा झाला. दादाला कळवलं, तर म्हणाला कौल लावताना मी हजर नव्हतो, गणपतीला येतो तेव्हा पुन्हा लावू.

तोवर आम्ही वठलेल्या बाजूखाली दोरी बांधून मुलांची वाट पलीकडून वळवली आहे. अर्ज फाईलमध्ये आहे, सहीची एक जागा मोकळी. मे महिन्यात मात्र विरारचं सगळं घर आलं होतं, आणि जिवंत बाजूच्या फांदीचे सगळे आंबे टोपल्यांत भरून घेऊन गेलं.